डोळ्यांचा पंचनामा

सुधन्वा निमकरांनी घाईघाईत रंगवलेल्या साठ शिशाच्या सैनिकांनी शनिवारी दुपारी साडेतीन वाजता लढाईवर जायला लेखी नकार दिला.

नकार बसच्या तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर लिहिला होता. अक्षर इतकं बारीक होतं की निमकरांना भिंग आणावं लागलं. ते मिरजेत जमीन मोजणीच्या खात्यात होते, अर्ज वाचायची त्यांना सवय होती. हा अर्ज व्यवस्थित होता. विषय: डोळे न मिळाल्याबाबत. खाली सही: जमादार, नाव ठेवलेले नाही.

लढाई दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला घोरपडे सरांच्या दिवाणखान्यात होती. तिथे दर महिन्याला चारपाच मंडळी जमत आणि टेबल टेनिसच्या टेबलावर जुन्या लढाया पुन्हा लढत. या वेळी उदगीर होतं. मराठ्यांचं पायदळ निमकरांनी आणायचं होतं. अंगठ्याएवढी साठ माणसं महिनाभर खोक्यात पडून राहिली आणि मंगळवारी निमकरांना त्यांची आठवण झाली.

म्हणून त्यांनी नऊ वर्षांच्या शाल्मलीला हाताशी घेतलं. पद्धत सोपी होती. एक रंग घ्यायचा आणि साठ जणांना लावायचा, मग दुसरा घ्यायचा. पांढरे अंगरखे बाबांचे, लाल पागोटी शाल्मलीची.

"आणि चेहरे?" शाल्मलीने विचारलं होतं.

"चेहऱ्याला एक तपकिरी हात. डोळे नकोत. तीन फुटांवरून दिसत नाहीत."

शाल्मलीने एकोणसाठ पागोटी रंगवली आणि साठावा माणूस बाजूला घेतला. शुक्रवारची अख्खी संध्याकाळ ती त्याला घेऊन बसली होती. हिरवा अंगरखा, त्यावर पिवळे ठिपके, टूथपिकच्या टोकाने दोन डोळे. एक मिशी थोडी लांब झाली, ती तिने तशीच ठेवली. शनिवारी सकाळी ती पोहायला गेली तेव्हा निमकरांनी त्या माणसाला उचललं, चेहऱ्यावरून तपकिरी ब्रश फिरवला आणि अंगरखा पांढरा केला. ठिपक्यांचं पायदळ नेलं असतं तर घोरपडे सर काही बोलले नसते, फक्त हसले असते.

शाल्मली ओल्या केसांनी परत आली आणि तिने सगळ्या रांगा बघितल्या. "बाबा, माझा कुठाय?"

"असेल त्यातच कुठेतरी," निमकर म्हणाले होते.

आता त्यांनी भिंग खाली ठेवलं. जमादार टेबलावर पसरलेल्या वर्तमानपत्राच्या कडेला उभा होता.

"उद्या लढाई आहे," निमकर त्याला म्हणाले. "पुढच्या वेळी बघू."

"साहेब, दिसत नाही तर वार कुणावर करायचा?"

"तीन फुटांवरून डोळे दिसतच नाहीत हो."

"तुम्हाला दिसत नाहीत," जमादार म्हणाला. "आम्ही तीन फुटांवर उभे नसतो."

मग जमादाराने पंचनाम्याची मागणी केली. प्रत्येक माणसाची समक्ष पाहणी व्हावी आणि आहे तसं लिहून घ्यावं. मागणी नियमाला धरून होती. लिहायला शाल्मली बसली. तिने वहीचं पान आखलं आणि समास सोडला.

क्रमांक एक, उजव्या बाहीवर रंग नाही. क्रमांक चार, पागोट्याचा लाल रंग कानावर आला आहे.

"तो माझ्याकडून आला," शाल्मली म्हणाली आणि तसं लिहिलं.

क्रमांक सतरा, चेहरा मागच्या बाजूला रंगवला आहे. क्रमांक सतराने दोन दिवस आपण माघार घेतोय असं समजून काढले होते. निमकरांनी "बरं, बरं" म्हटलं आणि घड्याळ बघितलं.

क्रमांक एकेचाळीसला जमादाराने हाताने चाचपलं. "याच्या अंगात एक अंगरखा जास्त आहे."

निमकर उठले. "चहा टाकतो."

"पाहणी चालू असताना जागा सोडता येत नाही, साहेब." हे निमकर स्वतः लोकांना शेताच्या बांधावर सांगत असत. ते बसले.

"आत काय आहे?" जमादाराने विचारलं.

"हिरवा," क्रमांक एकेचाळीस म्हणाला. "पिवळे ठिपके. मला कालपासून दिसत होतं. खिडकी दिसत होती, ही मुलगी दिसत होती. आज सकाळी साहेब आले. ब्रश येतानाही दिसला."

शाल्मलीचं पेन थांबलं. तिने बाबांकडे बघितलं नाही. वहीकडेच बघत तिने विचारलं, "बाबा, पुढे काय लिहू? चुकून की मुद्दाम?"

चुकून हा शब्द निमकरांच्या तोंडाशी आला होता. तो सांगितला असता तर तिने वाद घातला नसता, हे त्यांना कळत होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"मुद्दाम," ते म्हणाले.

"मु पहिला ना?"

"हो. पहिला."

तिने लिहिलं. मग तिने विचारलं, "आणि तुम्ही म्हणालात, असेल त्यातच. ते पण लिहू?"

"ते पण लिही."

पंचनाम्यावर निमकरांनी सही केली आणि घोरपडे सरांना फोन लावला.

"सर, उद्या पायदळ येणार नाही. डोळे राहिलेत."

"मग नका आणू," घोरपडे सर म्हणाले. "माझी तोफखान्याची माणसं गेल्या वर्षी कमरपट्टे रंगवले नाहीत म्हणून उठून गेली, ती अजून आली नाहीत. उद्या पुस्तकं चाळू."

टर्पेंटाइनने पांढरा काढला तर हिरवाही जाईल, हे क्रमांक एकेचाळीसला समजावून सांगण्यात आलं. त्याने डोळे पुन्हा मागितले आणि ते साहेबांच्या हातून नको असं सांगितलं. शाल्मलीने त्याला घेतलं आणि ती खिडकीजवळ जाऊन बसली. निमकरांकडे तिची पाठ होती.

बाकीचे एकोणसाठ निमकरांनी करायचे ठरले. त्यांनी टूथपिकचं टोक तासून बारीक केलं. एका डोळ्याला चार मिनिटं लागत होती. अंधार पडायच्या आत सहा जण झाले. ते सहाही जण निमकरांकडे बघत उभे होते. खिडकीजवळून शाल्मली एकेचाळीसशी काहीतरी हळू बोलत होती, ते ऐकू येत नव्हतं.

निमकरांनी सातव्याचा उजवा डोळा रंगवला. तो उघडला आणि त्यांच्यावर स्थिर झाला. निमकरांनी नजर वळवली.

"साहेब," सातवा म्हणाला, "इकडे बघा. डावा राहिलाय."