चितारी आणि त्याची बायको

मानाजीमामांच्या धोतरावर सांबार सांडलं की ते धोतर धूत नसत, रंगवत. सफेद्यात डिंक कालवायचा, डागावरून कुंचला फिरवायचा आणि म्हणायचं, "सफेदा घातला की सगळं झाकतं, शरि? बरोबर ना?" वाळलं की तो भाग पापडासारखा कडक होई. आमच्या तंजावरच्या गल्लीत मामा कुठं बसून गेले ते पडलेल्या खपल्यांवरून कळे.

राजांचं राज्य गेलं, दरबारचं काम सुटलं, तेव्हा मामा साहेबलोकांसाठी चित्रं काढू लागले. साहेबांना इथली माणसं कागदावर हवी असत. एका पानावर एका धंद्याचा नवरा आणि शेजारी त्याची बायको. मामांचे पुरुष हुबेहूब उतरत. बायकांची मात्र पंचाईत! मामा नाकासमोर चालणारे. परस्त्रीकडे मान वर करून बघायचं नाही, हा नेम. मग कोळ्याशेजारी मामी, कुंभाराशेजारी मामी, माडी काढणाऱ्याशेजारीही मामीच. तेच बसकं नाक, हनुवटीवर तोच तीळ. एका साहेबानं म्हणे विचारलं, "या गावातल्या सगळ्या बायका सख्ख्या बहिणी काय?"

एके दिवशी मामींनी वाळत घातलेली पानं पाहिली.

"अय्यो! माझी एवढी लग्नं लावलींत? त्या गारुड्याबरोबरसुद्धा?"

बोचकं उचललं आणि तडक पापनाशमला, माहेरी.

"येईल," मामा म्हणाले. चार महिने झाले. मामा हातानं रसम रांधत, अंगावर सांडून घेत, धोतर रंगवत. पण "सगळं झाकतं" हे काही पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही. मला फार वाईट वाटे.

साहेबाचं शेवटचं पान उरलं होतं, चितारी आणि त्याची बायको. मामांनी स्वतःला झकास काढलं, कानामागे कुंचला खोचलेला. शेजारी कोरा कागद.

"मामींचा चेहरा तर तुम्हाला पाठ आहे की," मी म्हटलं. मामांनी कुंचला धुवून ठेवला. दुसऱ्या दिवशी मला घेऊन बैलगाडीनं पापनाशमला निघाले, पान मांडीवर धरून.

मामी दारात आल्या. पान हातात घेऊन निरखलं.

"साऱ्या गावच्या नवऱ्यांशेजारी उभी केलींत. इथंच का जागा सोडलींत?"

"इथं तुला विचारल्याशिवाय कशी उभी करू?" मामा मान खाली घालून म्हणाले.

मामींची नजर मामांच्या धोतराकडे गेली.

"आत या," त्या म्हणाल्या. "ते धोतर बदला आधी. धुवून टाकते."