आधी सत्कार, मग दिल्ली

एका जंगलात एक मंडळ होतं. पोरांनो, जंगल कुठलंही घ्या, मंडळ असतंच. झाडं कमी पडतील, अध्यक्ष कमी पडायचे नाहीत.

या मंडळाचे अध्यक्ष होते अण्णासाहेब गवा. अंगानं एवढे दांडगे, की ते पुढं बसले की मागच्यांना सभा दिसायचीच नाही, नुसती ऐकू यायची. सचिव होते प्रभाकरपंत मुंगूस. आणि पार कडेला, आपले काटे कुणाला टोचू नयेत म्हणून अंग आवळून बसायची ती ठकूताई सायाळ.

दिल्लीला जायचं काढलं ते या ठकूताईनं.

तिचा भाऊ धोंडू. लहान असतानाच त्याला पिंजऱ्यात घालून दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात नेलेलं. दर थंडीत भोरड्यांचे थवे उत्तरेकडनं यायचे, तेव्हा त्याची खबर कळायची. यंदा एक भोरडी ठकूताईच्या बिळाशी येऊन म्हणाली, "म्हातारा झालाय गं तो. काटे गळायला लागलेत. भेटायचं असेल तर यंदाच भेट."

एकटीनं जायची ठकूताईला भीती वाटायची. म्हणून तिनं हा विषय मंडळात मांडला. इथंच फसली बघा.

मंडळ लगेच तयार. दिल्ली म्हणजे केवढं जुनं शहर, किती राजे आले नि गेले, आपण गेलंच पाहिजे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. आणि बैठका सुरू झाल्या.

पहिल्या बैठकीत ऋतूच ठरेना. थंडीत दिल्ली गारठते. उन्हाळ्यात भाजते. आणि पावसाळ्यात आपल्याच जंगलात एवढं भारी असतं, तर जायचं कशाला? पुढच्या बैठकीत इंदूकाकू अस्वलांनी जेवणाचं काढलं. दिल्लीत वारूळ मिळतं का? मिळालं तरी आपल्या चवीचं असतं का? तिकडच्या वाळव्या म्हणे फार तेलकट. शेवटी असं ठरलं, की एक वारूळ इथूनच उचलून न्यायचं. कोण उचलणार, यावर एक आख्खी बैठक गेली.

मग खिडकीवरनं भांडण. जायचं होतं कोळशाच्या मालगाडीवर बसून. तरी अण्णासाहेबांना खिडकी हवी, काकूंना पण खिडकीच हवी. ठकूताई हळूच म्हणाली, मालगाडीला खिडकी नसते. तर पंतांनी तिला समजावलं, की ताई, चांगल्या कामात असे फाटे फोडू नयेत.

थंडी सरत आली. भोरड्या परतीच्या गप्पा मारायला लागल्या. ठकूताई रोज सकाळी गाठोडं बांधायची आणि संध्याकाळी सोडायची.

आता खरी गंमत ऐका. लांबचा प्रवास करून आलं की सत्कार करायचा, ही या जंगलाची पद्धत. कुणी नदीपलीकडे जाऊन आलं तरी शाल मिळायची. मग दिल्ली म्हटल्यावर प्रमुख पाहुणे वाघोबाच हवेत. पण वाघोबांची तारीख जुळेना. तसे ते कधीही यायला तयार होते हो. श्रोते तयार नव्हते. वाघोबांचं पोट भरलेलं असेल असा एकच दिवस सापडला, आणि तो नेमका निघायच्या आधीचा निघाला.

"मग सत्कार आधी उरकू," पंत म्हणाले. "दिल्ली काय कुठं पळून जातेय?"

उरकला. पळसाच्या पानांच्या शाली, प्रत्येकाला एकेक बेलफळ. अण्णासाहेब दिल्लीच्या आठवणींवर बोलले. लाल किल्ला लाल आहे आणि किल्ला आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं. काकूंनी तिथं झालेले जेवणाचे हाल सांगितले, तेव्हा हरणं रडली. पंत म्हणाले, शहर मोठं आहे, पण आपल्यासारखी शिस्त नाही. वाघोबांनी जांभई दिली की टाळ्या मध्येच थांबायच्या. त्यांचं तोंड मिटलं की परत सुरू.

मग ठकूताईला उभं केलं. ती म्हणाली, "मी अजून गेलेच नाही."

पंत गोड हसले. "ताई दमल्यात प्रवासानं. टाळ्या होऊन जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूताई गाठोडं घेऊन रुळाशी जाऊन बसली. कुणाचा पत्ता नाही. शेवटी तिनं पंतांचं बीळ गाठलं.

"पंत, निघायचं ना?"

"कुठं?"

"दिल्लीला."

"अहो, कालच नाही का आलो आपण?"

"भाऊ आहे हो माझा तिथं."

पंतांनी आवाज खाली आणला. "तसं नाही ताई. आता कुणी जाताना दिसलं, तर लोक विचारणार, मग काल सत्कार कसला झाला? बेलफळं परत द्यायची वेळ यायची. काकूंनी तर खाल्लंय."

ठकूताईनं स्वतःचं बेलफळ त्यांच्या दारात ठेवलं आणि मालगाडी गाठली. एकटीनं. कोळशात लोळत, शिट्टी वाजली की काटे फुलवत, ती पोचली.

धोंडू होता. जाळीच्या पलीकडे. त्यानं आधी वास घेतला. बराच वेळ घेतला.

"ओढ्याकाठचं बीळ आहे का गं अजून?"

"आहे. दार जरा मोठं केलंय."

"बरं केलंस. आई सारखी अडकायची त्यात."

ठकूताईनं गाठोड्यातला ओढ्याकाठचा कंद जाळीखालनं आत सरकवला. दोघं नाकाला नाक लावून बसून राहिली. शेजारी एक जुना किल्ला होता, पडका, मातकट. तिनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि परत धोंडूकडं बघत बसली.

ती परत आली तेव्हा सगळं जंगल जमलं. किल्ला कसा आहे, कुणीतरी विचारलं. तिनं बघितला तसा सांगितला.

"मातकट?" पंत तिच्या अगदी मागं येऊन उभे राहिले. "दिल्लीचा किल्ला लाल असतो. अण्णासाहेबांनी स्वतः सांगितलंय."

अण्णासाहेबांनी जड मान हलवली. इंदूकाकूंना बिचारीची दया आली. गाडी चुकली असेल, म्हणाल्या. मग जेवण कसं होतं ते विचारलं. चांगलं होतं, ठकूताई म्हणाली.

"मग दिल्ली नव्हेच ती," काकूंनी निकाल लावला.

"आणि गावच चुकलं म्हटल्यावर," पंत मागनं म्हणाले, "तो भाऊ तरी तुमचाच कशावरनं, ताई?"

जन्मभर आवळून धरलेलं अंग ठकूताईनं फक्त सैल सोडलं. सगळे काटे ताठ उभे राहिले. पोरांनो, सायाळ कुणाच्या अंगावर पुढनं धावून जात नाही. ती झपकन मागं सरकते.

पंतांच्या नाकातले काटे काढायला आख्खं मंडळ लागलं. पुढच्याच सभेत त्यांचा वेगळा सत्कार झाला, दिल्लीच्या खडतर प्रवासात जखमी झाल्याबद्दल.

तात्पर्य: शहर बघायचं असेल तर आधी सत्कार करून घ्यावा, म्हणजे जायचा त्रास वाचतो. आणि कुणी खरंच जाऊन आलं असेल, तर त्याच्या चुका समोर उभं राहून काढाव्यात.