कुलूप एकदाच ओढायचं

त्या घरात दाराला कुलूप लावलं की ते आधी सासरे ओढून बघत, मग सासूबाई, मग नवरा. तिघांचं समाधान झालं की मंडळी जिना उतरत, आणि खाली पोचल्यावर सासऱ्यांना वाटे, आपण ओढलं ते कुलूपच होतं ना? मग वरात परत वर. या शिस्तीपायी घराण्याने गाड्या चुकवल्या, लग्नं चुकवली, पण चोरी कधी होऊ दिली नाही.

सून पोहण्याच्या तलावावर शिकवायची. लोकांची पोरं पाण्यात ढकलून निवांत उभी राहणारी बाई! पण पाचवा महिना लागला आणि तिलाही घोर लागला. आपलं बाळ असंच निघालं तर? बाप होणार म्हणून झोप उडालेल्या नवऱ्याला घेऊन तिने डॉक्टर गाठले.

"चिंतेचा कल रक्तातून येतो," डॉक्टर म्हणाले, "पण एकट्या रक्ताचं काही चालत नाही. घरात रोज जे दिसतं, ते त्याला खतपाणी घालतं. पुढच्या वेळी सगळ्यांना आणा."

रक्त काही सुनेच्या हातात नव्हतं, घर होतं. तिने फर्मान काढलं, "कुलूप एकदाच ओढायचं. तेही मीच. बाकीच्यांनी हात खिशात ठेवायचे."

"मला कुठाय खिसा?" सासूबाई म्हणाल्या.

"मग पिशवी धरा, आई."

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तिने कुलूप लावलं, एकदा ओढलं, आणि मंडळी चक्क खाली उतरली. टॅक्सीत सासरे इतके शांत बसले की सुनेलाच शंका आली. मागे राहून हळूच ओढून तर आले नाहीत ना? "आलेच," म्हणत ती वर गेली. दारापाशी चिटपाखरू नव्हतं. जिना उतरून खाली येते तो नवरा गायब. तिला शोधायला लिफ्टने वर गेलेला. ती पुन्हा वर. नवरा कुलपासमोर उभा, हात पाठीशी.

"हात लावलास?"

"नाही गं! नुसतं बघतोय."

"शपथ?"

"तुझी शपथ."

"बाजूला हो!"

याने हात लावला असेल तर कुलूप सैल झालं असणार, असा शास्त्रशुद्ध विचार करून तिने ते ओढलं. खात्री पटेना, म्हणून पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा तलावावर कमावलेल्या दंडाने असा काही हिसका दिला, की तीस वर्षं तिघांना पुरून उरलेला कोयंडा खिळ्यांसकट तिच्या हातात आला.

सुतार संध्याकाळी येणार होता. दार असं टाकून जायची कुणाची छाती? टॅक्सी परत गेली. चौघं उंबऱ्यात बसली आणि डॉक्टरांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

सगळी हकीकत ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही तिघांनी आज कुलपाला हातच लावला नाही?"

"बोटसुद्धा नाही!" सासरे छाती फुगवून म्हणाले.

"उत्तम. मग पुढच्या वेळी तुम्ही राहू द्या. सूनबाईंना एकट्यांना पाठवा."

सुनेचा एक हात पोटावर होता, दुसऱ्यात कोयंडा. "पण डॉक्टर," ती रडवेली होऊन म्हणाली, "माझं आणि यांचं तर रक्ताचं काही नातं नाही हो!"

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या," सासरे पुटपुटले, "वाण नाही, पण गुण लागला."

सासूबाईंनी मात्र तिला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "तीन वर्षं मला वाटायचं, ही पोर परकीच राहते की काय. आज खरी आमच्या घरची झालीस गं!"