फाटक मास्तरांचे सत्त्याण्णव 'रन'

पनवेलच्या लाइन आळीत फाटक मास्तरांच्या घरी पाणी मागितलं, की आधी प्रश्न यायचा, "इंग्रजी 'रन' शब्दाचा एखादा नवा अर्थ सांगता?" सांगितला तर पाण्याबरोबर गूळ, नाहीतर नुसतं पाणी. मी त्यांचा शेजारी, त्याच शाळेत मराठीचा मास्तर. दहा वर्षांत मी गूळ दोनदा खाल्ला.

शहाण्यासुरत्या माणसानं एका शब्दाच्या इतकं मागे का लागावं? तर वहिनींमुळे. उमावहिनींना अक्षरओळख नव्हती. अर्ध्या पनवेलच्या पोरांना इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाच्या घरात पाटीला हात लागत नाही, हे मास्तरांच्या फार मनाला लागलं होतं. ते सारखे मागे लागायचे. शेवटी वहिनी वैतागून म्हणाल्या, "तुमच्या त्या भाषेत एकेका शब्दाला म्हणे शंभर अर्थ! दाखवा शंभर. ज्या दिवशी भरतील, त्या दिवशी बसते पाटी घेऊन. पण नवा की जुना, ते मी ठरवणार."

मास्तरांनी पैज घेतली आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

रोज संध्याकाळी वहिनी ओटीवर तांदूळ निवडत बसायच्या आणि मास्तर समोर उभे राहून चिठ्ठी वाचायचे. अर्थ पसंत पडला तर चिठ्ठी भिंतीवरच्या तारेला टोचायची, नाहीतर चुलीत घालायची.

"नदी वाहते, त्याला रन."

"टोचा."

"नाक वाहतं, त्यालाही रन."

"वाहणं ते वाहणं. हा तर तोच, कपडे बदलून आला. चुलीत!"

"अगं, नदी कुठं, नाक कुठं!"

"नाक पुसावं लागतं, एवढाच फरक. चुलीत म्हटलं ना?"

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "हा रस्ता उरणपर्यंत जातो, तिथंही रन."

"रस्ता कुठं जातोय मेला? तो आहे तिथंच आहे, माणसं जातात. चुलीत!"

एकदा मिठागरावरचा धर्मा मीठ द्यायला आला. मास्तरांनी त्यालाही सोडलं नाही. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, आमाला विंग्रजी येत नाय. पन आमच्या गावचा मानूस निवडनुकीला उभा हाय, त्याला सायब काय म्हनतो?"

मास्तर उडालेच. "रन! अरे, आपला माणूस उभा राहतो आणि साहेबाचा पळतो!"

वहिनी पोट धरधरून हसल्या. "टोचा, टोचा!" धर्माला गुळाचा अख्खा खडा मिळाला, आणि इतकी वर्षं शेजार करून मला काय मिळालं, ते वर सांगितलंच आहे.

अशी रडतखडत तार शहाण्णववर आली. मास्तरांनी नवी पाटी आणून ठेवली, पेन्सिलीसकट. आणि नेमका वहिनींना ताप आला. तो काही केल्या उतरेना. मास्तरांनी शाळेत रजा टाकली आणि उशाशी बसून राहिले. एका दुपारी मी तिथंच होतो. वहिनींनीच विचारलं, "आज चिठ्ठी नाही?"

मास्तरांनी वहिनींच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. मग म्हणाले, "अंगात ताप असला, तरी रन म्हणतात."

वहिनींनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला. "हा नवा आहे," त्या म्हणाल्या. "टोचा."

चार दिवसांनी त्या गेल्या.

आम्हांला वाटलं, चला, खूळ संपलं. कसलं काय! मास्तर दिसेल त्याला अडवून विचारू लागले. चिठ्ठ्या लिहायचे आणि कोटाच्या खिशात कोंबायचे. तारेला मात्र एकही टोचत नव्हते. मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. शेवटी एका संध्याकाळी मीच एक अर्थ शोधून त्यांच्याकडे गेलो.

"मास्तर, लुगडं धुताना रंग जातो ना, त्यालाही रन म्हणतात. ही घ्या चिठ्ठी, टोचा."

त्यांनी दोन्ही खिसे ओटीवर रिकामे केले. चिठ्ठ्यांचा ढीग पडला; त्यातच माझीही त्यांनी टाकली. "शंभर केव्हाच होऊन गेले हो. पण नाही म्हणणारं माणूस गेलं. आता मी म्हणेन तो नवा. त्यात काय राम?"

कोपऱ्यात ती पाटी तशीच टेकून ठेवलेली होती. मी ढिगातून माझी चिठ्ठी उचलली.

"रंग पाण्याबरोबर वाहूनच जातो ना, मास्तर? हा तर तोच, कपडे बदलून आला. चुलीत!"

मास्तर एकदम सरसावून बसले. "असं कसं? नदी कुठं, लुगडं कुठं!"

"वाहणं ते वाहणं."

"तुम्ही मराठीचे मास्तर, तुम्हांला काय कळतंय त्यातलं!" ते तावातावानं भांडायला लागले. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बसू लागलो. पुढं नऊ वर्षांनी मास्तर गेले, तेव्हाही तारेला सत्त्याण्णवच चिठ्ठ्या होत्या. अठ्ठ्याण्णवावी मी टोचू दिली नाही.