मागची गाडी

पोलादपूरहून उमरठच्या रस्त्याला लागलात आणि एखाद्या वळणावर घंटा ऐकू आली, तर देवळाची समजून हात जोडू नका. गाडी बाजूला घ्या. समोरून गणपतनाना सकपाळ येत असतात. लाल रंगाची, पुढं लांब नाक असलेली, डोक्यावर शिडी घेतलेली एक म्हातारी गाडी आणि तिच्या स्टिअरिंगमागं खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेला एक म्हातारा. वेगाबद्दल न बोललेलं बरं. नानांच्या मागं सापडलेला एसटीचा ड्रायव्हर दोनचार हॉर्न वाजवतो आणि मग निमूटपणे त्यांच्या मागून येत राहतो.

ह्या गाडीला बंब म्हणायचं नाही. म्हटलंत तर नाना इंजिन बंद करून खाली उतरतात आणि शांतपणे सांगतात, "बंब नाय. बंब पुढं जातो. ही मागची गाडी."

आता मागची गाडी म्हणजे काय, ते मला त्यांनी निदान वीस वेळा तरी समजावलं आहे. मुंबईत आगीची वर्दी आली की पाण्याचा बंब पुढं धावतो. त्याच्यामागून एक गाडी सामान घेऊन जाते. दोर, दिवे, पहारी, जादा पाइप, घोंगड्या आणि चहाची किटली. ही गाडी आग विझवत नाही. आत गेलेल्यांना लागेल ते पुरवत बाहेर उभी राहते. नानांनी तेहतीस वर्षं ती चालवली. ते निवृत्त झाले त्याच सुमारास गाडीही भंगारात निघाली, तेव्हा नानांनी ती लिलावात घेतली आणि गावी आणली. निवृत्त झाल्यावर माणसं घराला स्लॅब घालतात. नानांच्या घरावर अजून जुनी कौलं आहेत आणि गाडीच्या शेडवर नवे पत्रे.

मी महाडला गाड्यांचे विमे उतरवतो. तेवढ्यासाठीच नाना पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले. फॉर्म भरताना मी विचारलं, "गाडीचा वापर?"

"स्टँडबाय," नाना म्हणाले.

"म्हणजे खाजगी की व्यावसायिक?"

"लिहा की स्टँडबाय."

"बरं. आसनं किती?"

"सात."

"रोज माणसं किती बसतात?"

नानांनी जरा विचार केला. "मी," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी मला 'एजंट' अशी हाक मारायला सुरुवात केली आणि मी कामाशिवायही त्यांच्याकडं जायला लागलो. माझा स्वभाव खरं तर असा माणसांच्या मागं हिंडण्याचा नाही. पण नानांकडचा चहा फार चांगला असतो. तो अजूनही त्याच किटलीत होतो.

गाडी दुरुस्त करायला त्यांना चार वर्षं लागली. लाकडी बॉडीसाठी सुतार गाठला. महाडच्या एका पेंटरला रंगाचं काम दिलं आणि गाडी लाल करायची म्हणून सांगितलं. पेंटरनं त्याच्याकडं होता तो लाल लावला. नाना आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हा एसटीचा लाल हाय."

पेंटर म्हणाला, "नाना, लाल तो लाल."

"असं कसं? उद्या कोणी हात दाखवून थांबवंल मला."

सगळा रंग खरवडून काढला. तरी व्हायचं ते झालंच. नवा रंग लावून गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली, तेव्हा कापडे गावाजवळ दोन बायांनी हात दाखवला, नानांनी सवयीनं थांबवली आणि दोघी टोपल्या घेऊन मागून चढल्या. नानांनी त्यांना पोलादपूरच्या बाजारात सोडलं. आजही त्या बाजाराला जाताना घंटेची वाट बघतात. ह्याबद्दल नानांना छेडलेलं आवडत नाही.

त्यांच्या वाडीत एकदा पेंढ्याची उडवी पेटली. कोणीतरी धावत सांगायला गेलं. नाना घंटा वाजवत हजर. लोकांचा जीव भांड्यात पडला. नानांनी गाडी वाऱ्याच्या उलट बाजूला लावली, शिडी उतरवली, दोर अंथरला, घोंगड्या मांडल्या आणि चहा ठेवला.

"नाना, पाणी सोडा ना," एक जण ओरडला.

"पाणी कुठलं? ही मागची गाडी."

लोकांनी ओढ्यातून हंडे-कळशा आणून कशीबशी आग विझवली. नानांना चार शब्द ऐकवायचे म्हणून सगळे वळले, तर समोर चहाचे कप भरून तयार. ज्याचा हात भाजला होता त्याला मलम लावून झालेलं. धुरानं गुदमरलेल्या एका म्हाताऱ्याला घोंगडीवर उशाला पिशवी देऊन निजवलेलं. चहा पीत पीत कोणाला काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

त्याहून मजा उन्हाळ्यात. आमच्याकडं पावसाआधी भाताची रोपं करायची तिथं पाला, गवत, शेण पसरून जमीन भाजतात. भाजावळ. साऱ्या डोंगरउतारावर जागोजाग धूर. तेहतीस वर्षं आगीमागं धावलेला माणूस अशा मुलखात राहायला आला, जिथं दरवर्षी माणसं आपल्या हातानं आपल्याच शेताला काडी लावतात. नाना प्रत्येक भाजावळीला गाडी घेऊन बांधाला उभे.

शेजारची भागीरथी आत्या कंबरेवर हात ठेवून म्हणते, "अरे गणपत, आग मीच लावलीय रे."

"ते दिसतंय गो आत्या."

"मग कशाला आलास?"

"विझली का बघून जातो."

आणि खरंच शेवटचा निखारा काळा होईपर्यंत थांबतात. आत्या करवादते आणि दोन भाकऱ्या जास्त थापते. तिची दोन्ही मुलं मुंबईला आहेत. भाजावळीच्या दिवशी तिच्या घरी दुसरं कोणी जेवायला नसतं, हे नानांना ठाऊक आहे आणि नानांच्या घरी तर रोजच कोणी नसतं, हे आत्याला ठाऊक आहे.

वाडीत आता उघडी घरं म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. नानांची बायको वारली त्यालाही बरीच वर्षं झाली. मुलगा महेश डोंबिवलीला. गेल्या पावसाळ्यात नाना सकाळी पडवीत घसरले आणि खुब्याला मार लागून तसेच पडून राहिले. दुपारी आत्या मीठ मागायला आली म्हणून कळलं. महेश आला, आठ दिवस राहिला आणि जाताना मला भेटून म्हणाला, "काका, आता पप्पांना इथं ठेवणार नाही. गाडीला चांगलं गिऱ्हाईक बघा. गाडी गेली की ते येतील."

महेशचं काय चुकलं? माझ्या वडिलांचं असं झालं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. मी चौकशी केली. पुण्याचे एक डॉक्टर जुन्या गाड्या जमवतात. त्यांना फोटो पाठवले तर ते दुसऱ्याच रविवारी आले.

नाना हसतमुख होते. विकायला तयार आहे, म्हणाले. मुलगा बोलावतोय, सून चांगली आहे, नातीला शाळेत सोडायचं काम मला दिलंय, असंही म्हणाले. डॉक्टर माणूस समंजस होता. 'बंब' म्हणाला नाही. मी वाटेतच त्यांना पढवून ठेवलं होतं. गाडीभोवती फिरून त्यांनी प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. नाना एकेक वस्तू दाखवत होते. हा दोर, हा दिवा, ही पहार. आवाज अगदी स्थिर.

शेवटी डॉक्टरांनी मागचा दरवाजा उघडला. आत एक लाकडी फळी होती. तिच्यावर ओळीनं हूक आणि प्रत्येक हुकाला एक गोल बिल्ला.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आगीत जाणाऱ्यानं आपला बिल्ला इथं लावून जायचा," नाना म्हणाले. "बाहेर आला की काढून घ्यायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत हाय. मी फळीजवळ उभा. ती रिकामी झाल्याबिगर गाडी हलवायची नाय."

"वा. सगळं मूळचं दिसतंय. फक्त हे पत्र्याचे कोणी लावलेत?"

मी वाकून पाहिलं. वरच्या दोन ओळींत पितळी बिल्ले होते. ते संपले असावेत. खाली तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे गोल कापून लावले होते. प्रत्येकावर खिळ्यानं नाव कोरलेलं. सुरेश. सुरेशची बायको. पांडू शेलार. आत्याची दोन्ही मुलं. अख्खी वाडी तिथं टांगलेली होती. पहिल्या हुकाला, सगळ्यांत जास्त घासून चमकवलेल्या बिल्ल्यावर, महेश.

"गणपतीला येतात तेव्हा काढतो," नाना आमच्याकडं न बघता म्हणाले. "गेले की परत लावतो."

माझी मुलगी सहा वर्षं बंगळुरूला आहे. दर रविवारी फोन करते आणि मी टीव्हीचा आवाज कमी करून बोलतो. त्या फळीपुढं उभं राहून मला माझी लाज वाटली.

डॉक्टर जरा वेळानं म्हणाले, "फळी तुमच्याकडंच राहू द्या नाना. गाडी मी सांभाळीन."

नानांनी मान हलवली. खिशातून चावी काढली, डॉक्टरांच्या हातावर ठेवायला पुढं केली आणि हात तसाच राहिला.

"फळी घेऊन डोंबिवलीत कुठं उभा राहू?" ते म्हणाले. "तिकडं गेलो की मी पण आतच ना. सगळीच आत गेली, तर बाहेर कोण?"

डॉक्टरांनी चावी नानांच्याच मुठीत मिटवली. मग त्यांनी किटलीतला चहा घेतला, गाडी अधूनमधून चालू करत जा म्हणाले आणि नानांना वाकून नमस्कार करून पुण्याला गेले.

ते जाऊन दहा मिनिटं झाली नसतील, महेशचा फोन मलाच आला.

"काका, झालं का काम? पप्पांना न्यायला कधी येऊ?"

मी शेडच्या कडेला गेलो. "महेश, तुझ्या नावाचा बिल्ला आहे गाडीत, ठाऊक आहे तुला?"

"कसला बिल्ला?"

मी वळून बघितलं. नाना मागच्या दरवाज्यात बसले होते. त्यांनी हात उचलून सावकाश डावीउजवीकडं हलवला. सांगू नका.

"काही नाही," मी म्हणालो. "कागदांत एक गोष्ट राहिलीय. गाडी एवढ्यात जात नाही." विमा एजंटाच्या तोंडी हे वाक्य शोभतं, त्यामुळं त्यानं ते लगेच मानलं.

"आणि पप्पा?"

"तेही नाही."

पुन्हा पडले तर काय, हे त्यानं विचारलं नाही, पण मी मनातल्या मनात तेच विचारत होतो. मग तो म्हणाला, "येत्या रविवारी मी येऊन जातो. त्यांना सांगा."

मी सांगितलं. नाना एकदम उठले. कोंबडी कोणाकडं मिळेल, आत्याला तांदळाच्या भाकरीचं आजच सांगून ठेवावं लागेल, असं काय काय बोलायला लागले. मग फडकं घेऊन फळीजवळ गेले.

"शनिवारीच काढून ठेवतो," पहिल्या हुकाला हात लावून ते म्हणाले. "त्याला दिसाय नको. उगाच जिवाला लागंल पोराच्या."

"आणि सोमवारी?" मी मूर्खासारखं विचारून गेलो.

नाना तो बिल्ला पुसत होते. दोन्ही बाजू पुसून झाल्या, तरी पुसत होते.

"सोमवारी ड्युटी हाय," ते म्हणाले.