कॅमेरा व्हिएन्नाचाच!

माझ्या विवेचक बुद्धीविषयी विद्यापीठात दुमत नाही. निदान माझे तरी नाही! ताम्रपटांवर निबंध वाचायला व्हिएन्नाच्या परिषदेस निघताना कॅमेरा कुठे घ्यावा, हा प्रश्न मी एका शब्दात निकालात काढला होता: व्हिएन्नात!

कारण अर्थातच राजशेखर. हा माझा सहकारी गेल्या वर्षी प्रागला जाऊन आला आणि तेव्हापासून गळ्यातला कॅमेरा असा मिरवतो, जणू कुस्ती मारलेल्या पैलवानाच्या खांद्यावरची गदा! "प्रागच्या विमानतळावर घेतला," हे वाक्य तो स्टाफरूममध्ये रोज चहाबरोबर वाढतो. मला मत्सर वाटत नाही. त्याचा चहा गार झाला की बरे वाटते, इतकेच.

"अहो, तिथं घेतलेला बिघडला तर?" माझी पत्नी अंतरा पोळी लाटता लाटता म्हणाली. "दुरुस्तीला व्हिएन्ना गाठणार? आणि जातानाचे फोटो कशानं काढणार, लाटण्यानं?"

तर्क निर्दोष होता. म्हणूनच असह्य होता. मी मध्यममार्ग काढला. कॅमेरा इथेच, गावातल्या लक्ष्मीपुरीत गुपचूप घ्यायचा आणि परतल्यावर व्हिएन्नाचा म्हणून सांगायचा!

टोपी, गॉगल आणि मास्क अशा वेशात मी मल्लेशच्या दुकानात शिरलो.

"या की सर!" मल्लेश रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा गरजला. "आमची पवित्रा तुमच्याच वर्गात हाय! फॉरेनला चाललाय न्हवं?"

"हळू बोला! कॅमेरा इथून घेतला, हे कोणालाही कळता कामा नये."

"तोंडातनं शबुद जाणार न्हाय! जरा त्ये मास्क-बिस्क काढा, एक फोटू मारून बघू. मशीन तपासाय नको व्हय?"

मल्लेशने वचन अक्षरशः पाळले. तोंडातून शब्द काढला नाही. त्याने तो छापला! त्याच आठवड्यात दसरा चौकात भला थोरला फ्लेक्स झळकला: 'फॉरेनला निघालाय? कॅमेरा मल्लेशकडचाच! विद्वानांची एकमेव पसंती!' त्यावर मी होतो. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा, भर दुपारी उठवलेल्या घुबडासारखा. आणि शेजारी, कॅमेऱ्याचा खोका छातीशी कवटाळून, राजशेखर!

फ्लेक्सखाली तो स्वतःही मान वर करून उभा होता.

"प्रागचा विमानतळ बराच जवळ आला म्हणायचा," मी थंडपणे म्हणालो.

"हो ना. व्हिएन्नाला लागूनच आहे," तो तितक्याच थंडपणे म्हणाला. "फोटो मात्र छान आलाय. माझा."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. त्याचे डोके बैलगाडीच्या चाकाएवढे होते आणि माझे नारळाएवढे! पितळ उघडे पडल्याचे दुःख मी त्या क्षणी विसरलो आणि तडक दुकान गाठले.

"मल्लेश, तो फ्लेक्स!"

"चुकलं सर! काढू व्हय?"

"काढता कशाला? माझे डोके लहान का, ते सांगा!"

"त्येंनी ट्रायपॉड बी घेतलाय की! ज्येची खरेदी मोठी, त्येचा फोटू मोठा."

संध्याकाळी अंतरा माझी बॅग भरत होती. ट्रायपॉड उभा मावेना, आडवा मावेना, तिरपाही मावेना.

"अहो, हे तीन पायांचं धूड विमानातून नेणार कसं?"

"नेतंय कोण?" मी म्हणालो. "नवा फ्लेक्स उद्या लागतोय!"