मामीची शिफारस

अर्जातला शेवटचा रकाना समर्थला नडला. नाव, पत्ता, शिक्षण हे सगळं झरझर भरून झालं होतं. ‘पूर्वीच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं नाव व मोबाईल नंबर’ इथे येऊन मात्र गाडी थांबली. वरिष्ठ असायला आधी पूर्वीचं ठिकाण असावं लागतं आणि तेच त्याच्याकडे नव्हतं. दुग्धशास्त्राचा डिप्लोमा घेऊन तो घरी बसला होता. जो तो त्याला अनुभव विचारत होता, पण अनुभव यावा म्हणून नोकरी द्यायला कुणी तयार नव्हतं.

संगमनेरच्या एका खासगी डेअरीत दूध तपासणीसाची जागा निघाली होती. समर्थला मनापासून आवडणारं जगात हे एकच काम होतं. ही जागा हुकली की निमूटपणे सुप्याच्या एमआयडीसीत खोकी भरायला जायचं, असं त्याच्या आईने, सविताबाईंनी, बजावून ठेवलं होतं.

अर्ज भरून देणारा कल्याण हा समर्थचा वर्गमित्र. राहुरीच्या स्टँडसमोर त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान होतं. त्याने असे कित्येक रकाने भरले होते आणि एकदाही तो अडला नव्हता. समर्थला काही कळायच्या आत त्याने ‘मुळाकाठ मिल्क प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी स्थापन केली, समर्थला तिथे दोन वर्षं कामाला लावलं आणि मॅनेजर कोण दाखवायचा म्हणून विचारलं.

“मला खोटं बोलता येत न्हाई, कल्याण,” समर्थ म्हणाला. “माझे कान लाल व्हत्यात.”

“तुला कोन बोलाय सांगतंय? मॅनेजर बोलंल. मामाचा नंबर सांग.”

समर्थचे कान तिथेच लाल झाले होते, पण खोक्यांचा विचार करून त्याने नंबर सांगितला.

समर्थचे मामा, गहिनीनाथ, शेजारच्याच गावात राहत आणि समर्थचा निम्मा मुक्काम त्यांच्याकडेच असे. चार म्हशी, ऊस आणि चाऱ्याचा घास एवढा त्यांचा कारभार. पण एकेकाळी गावच्या नाटकात त्यांनी फौजदाराचं काम केलं होतं आणि तेव्हापासून साहेबपणाची हौस फिटायची राहून गेली होती. मॅनेजर व्हायचंय म्हटल्यावर त्यांनी एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. फोन संगमनेरहून येणार, एवढंच त्यांना सांगितलं होतं. कधी येणार ते माहीत नसल्यामुळे त्यांनी प्रत्येक फोन मॅनेजर म्हणून घ्यायला सुरुवात केली. पेंड विकणाऱ्या भागवतने फोन केला तर त्याला जड आवाजात “येस, मॅनेजर स्पीकिंग” ऐकू आलं आणि राँग नंबर लागला म्हणून त्याने पेंड दुसऱ्यालाच देऊन टाकली. म्हशींच्या डॉक्टरांनी तर माफी मागून फोन ठेवला.

हा सगळा बेत एका माणसापासून लपवून ठेवला होता, ती म्हणजे मनकर्णामामी. मामीच्या पोटात काही राहत नाही, असं मामांचं मत होतं. खरं पाहता मामीच्या पोटात एक गोष्ट चांगली वर्षभर राहिली होती. जामखेडला दिलेल्या बहिणीची मुलगी पूजा समर्थला करून घ्यायची, असं तिने मनात पक्कं केलं होतं. पोराला नोकरी लागली की बहिणीकडे विषय काढायचा, तोवर ब्र काढायचा नाही. पूजा जामखेडला फार्मसी शिकत होती आणि तिला किंवा समर्थला यातलं काही विचारावं, असं मामीला वाटलं नव्हतं.

त्या सकाळी मामा म्हशी धुवायला कॅनॉलवर गेले आणि फोन चार्जिंगला घरीच राहिला. तो वाजला तेव्हा मामी भाकरी थापत होती. पिठाचाच हात पुसून तिने फोन घेतला.

पलीकडे होत्या एंजेला मॅडम, डेअरीतली माणसं निवडणाऱ्या अधिकारी. बोलणं मृदू, शब्द मोजके. त्या म्हणाल्या, “नमस्कार, मी संगमनेरहून बोलतेय. तुमच्या ओळखीत समर्थ म्हणून एक मुलगा आहे ना? त्याची जरा चौकशी करायची होती.”

मामीने कान टवकारले. परगावची बाई, इतकं गोड बोलणं आणि मुलाची चौकशी. आपल्याकडे याचा अर्थ एकच होतो. एरवी बिननोकरीच्या पोराला कुणी स्थळ आणलं असतं तर गावाने पेढे वाटले असते. मामीला मात्र डोळ्यांसमोर जामखेडची पूजा दिसली.

गहिनीनाथसाहेब आहेत का, असं मॅडमनी विचारलं. साहेब म्हशी धुवायला गेलेत, असं मामीने सांगितलं, आणि मी मुलाची सख्खी मामी, काय असेल ते मलाच विचारा, असंही वर जोडलं. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मुळाकाठ मिल्क प्रॉडक्ट्स तिथल्या तिथे बुडाली होती. त्या फोन ठेवणारच होत्या, पण तेवढ्यात मामी सुरू झाली.

“बाई, तुमी चांगल्या घरच्या दिसता म्हनून सांगते. ह्या पोराच्या वाटंला जाऊ नका. कोंबड्याच्या आधी उठतंय आन् सगळ्या घराला उठवतंय.”

“रोज?” मॅडमनी विचारलं.

“रोज. आन् सोवळ्याच्या म्हातारीवानी ते भांडी धुनं. म्या घासल्याली किटली पुन्यांदा गरम पान्यानं धुतंय, मग आत नाक घालून हुंगतंय. दूध नासायच्या आधी त्याला वास येतुया. कोन बाई नांदंल असल्या नवऱ्याबरूबर?”

नवरा हा शब्द ऐकून एंजेला मॅडमना उलगडा झाला. सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलंही. पण इतक्या वर्षांत त्यांनी जेवढे वरिष्ठ फोनवर गाठले होते त्यांनी सगळ्यांनी ‘मेहनती आणि होतकरू’ एवढे दोनच शब्द ऐकवले होते. त्यांनी समोरची वही जवळ ओढली आणि मुलगा स्वभावाला कसा आहे ते विचारलं.

मामीने सगळ्यात मोठा दोष शेवटी ठेवला होता. गेल्या दिवाळीत मामांच्या गावच्या दूध केंद्राचा सेक्रेटरी आजारी पडला म्हणून समर्थ चार दिवस तिथे बसला होता. मामांनी कॅन ठेवला, समर्थने दुधात लॅक्टोमीटर सोडला आणि चारचौघांत मामांना सांगितलं की म्हशीचं दूध म्हशीपाशीच राहू द्या, विहिरीचं कशाला आणलं. कॅन परत घरी आला.

“सख्ख्या मामाला सोडलं न्हाई त्यानं,” मामी म्हणाली. “तोंडावर खरं बोलतंय. असला मानूस संसाराला काय कामाचा? आन् नोकरी म्हनाल तर आजवर एक दिवस केली न्हाई.”

“मावशी, चांगलं असं काहीच नाही का त्याच्यात?”

मामी थांबली. तव्यावरची भाकरी करपत होती आणि मनही जरा करपलंच. ज्या पोराला लहानपणी कडेवर घेऊन मिरवलं, त्याचीच आपण इतकी निंदा करतोय, याचं तिला फार वाईट वाटलं.

“खोटं कशाला बोलू?” ती हळूच म्हणाली. “पोरगं लई गुनी हाय. म्हनून तर तुमाला देत न्हाई.”

दुपारी मामा जेवायला बसले तेव्हा मामीने संगमनेरचं स्थळ कसं वाटेला लावलं ते सविस्तर सांगितलं. संगमनेर म्हणताच मामांचा घास तोंडातच राहिला. हात न धुताच त्यांनी तो नंबर फिरवला आणि होता नव्हता तेवढा फौजदार आवाजात आणला.

“येस, मॅनेजर स्पीकिंग.”

“झाल्या का म्हशी धुऊन, साहेब?” एंजेला मॅडमनी आपुलकीने विचारलं.

मामांनी फोन ठेवला तो गॅसपासून लांब, जणू तो पेट घेईल. मग त्यांना मामीला सगळं सांगावं लागलं. फोन डेअरीचा होता, चौकशी नोकरीची होती आणि पोराचा घास तिने स्वतःच्या तोंडाने काढून घेतला होता. मामी पदर तोंडाला लावून रडली. इथून पुढे समर्थविषयी कुणाचाही फोन येऊ दे, त्याच्या कौतुकाशिवाय एक अक्षर बोलायची नाही, असं तिने देवापुढे दिवा लावून कबूल केलं.

समर्थला कळलं तेव्हा त्याला मोकळंच वाटलं. त्याने मॅडमना फोन लावला. कंपनी खोटी हाय, अनुभव खोटा हाय, मामा तेवढे खरे हायेत, असं एका दमात सांगून अर्ज फाडून टाका म्हणाला.

“फाडते कशाला? उद्या या,” मॅडम म्हणाल्या. “अर्जात एक चूक झालीय. मॅनेजरच्या जागी मामींचं नाव हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी संगमनेरला मॅडमनी त्याला डिप्लोमाबद्दल चार प्रश्न विचारले आणि मग एकच विचारलं. इथेही उद्या कुणी ओळखीचा कॅन घेऊन आला तर काय करणार? समर्थ म्हणाला, “आधी त्यालाच परत पाठवावं लागंल, मॅडम. न्हाईतर अनोळखी लोकं ऐकायची न्हाईत.” बोलताना मॅडमचं लक्ष त्याच्या कानांकडे नव्हतं, पण असतं तरी हरकत नव्हती, कारण ते अगदी नेहमीच्या रंगाचे होते. तीन महिने बघू, म्हणून त्यांनी त्याला राहुरीकडच्या संकलन केंद्रावर घेतलं. सविताबाईंनी खोक्यांचा विषय त्याच संध्याकाळी बंद केला.

मामांनी आपलं दूधही आता भाच्याच्या केंद्रावर घालायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात त्यांचा कॅन पुढे आला, समर्थने लॅक्टोमीटर सोडला आणि कॅनचं झाकण लावून तो बाजूला ठेवला. मामा रांगेतल्या लोकांकडे बघत म्हणाले की ह्याच्यासाठी मी मॅनेजर झालो हुतो. लोक पोट धरून हसले, समर्थही हसला, पण कॅन काही पुढे सरकला नाही. तेव्हापासून मामांचं दूध घट्ट जाऊ लागलं आणि त्यांच्या घरचा चहा पातळ झाला.

तीन महिने संपले, समर्थ पक्का झाला आणि त्याचं नाव चार गावांत गेलं. मामा आता सगळ्यांना सांगत की बघा, मोठमोठ्या डेअऱ्या ह्याला ओढायला बघतील, चौकशीचे फोन येतील. मामी त्या फोनची वाटच पाहत होती. केलेलं नुकसान तिला भरून काढायचं होतं. ते एकदा झालं की जामखेडला जाऊन बहिणीशी बोलायचं, असं तिने ठरवलं होतं.

आणि मामांच्या मोबाईलवर फोन आला, तो मामीनेच झडप घालून घेतला. श्रीरामपूरहून एक बाई बोलत होत्या, बोलणं तितकंच गोड. समर्थची चौकशी करायची होती, म्हणाल्या. मामी सावरून बसली. या खेपेला तिने गॅससुद्धा बंद केला.

मग मामीने सांगितलं. पोरगं कोंबड्याच्या आधी उठतं, कुणाला उठवावं लागत नाही. स्वच्छता इतकी की घासलेलं भांडं स्वतः पुन्हा धुतं. नाक असं की नासकं काही घरात राहायचं नाही. आणि प्रामाणिक म्हणाल तर सख्ख्या मामाचं दूध त्याने दोनदा परत पाठवलं. पलीकडच्या बाई प्रत्येक वाक्याला वा वा म्हणत होत्या आणि मामीला आणखी स्फुरण चढत होतं. सगळं सांगून ती दम घ्यायला थांबली.

“ऐकून समाधान वाटलं बघा,” बाई म्हणाल्या. “मग रविवारी येतो आम्ही बघायला. आमची ज्ञानेश्वरी बँकेत आहे. मुलाची पत्रिका तेवढी काढून ठेवायला सांगाल का?”

डेअरीवाले पत्रिका मागत नाहीत, एवढं मामीला कळत होतं. तिने घाईघाईने समर्थचे दोष आठवायला सुरुवात केली. पहाटे उठणं सांगून झालं होतं. भांडी सांगून झाली होती. नाक, खरं बोलणं, मामाचा कॅन, जे जे दोष होते ते सगळे तिने आत्ताच गुण म्हणून खर्च करून टाकले होते. पलीकडे बाई थांबल्या होत्या. मामीने देवाकडे पाहिलं, तिथे कौतुकाच्या त्या शपथेपासून रोज लावलेला दिवा तेवत होता.

“घोरतंय,” शेवटी ती कशीबशी म्हणाली.

“अहो, त्याचं काय एवढं,” बाई हसून म्हणाल्या, “आमच्याकडं सगळेच घोरतात.”